निमोलर नेमके कोणासाठी बोलले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘आधी ते कम्युनिस्टांना न्यायला आले, मी गप्प राहिलो, कारण मी कम्युनिस्ट नव्हतो’ या ओळी ज्यांच्या नावावर सांगतात ते जर्मन पाळक मार्टिन निमोलर हिटलरच्या राज्यातल्या छळाविरुद्ध खरंच उभे राहिले होते, की ही युद्ध संपल्यावरची सारवासारव आहे? आणि नववीच्या वर्गात या ओळी घ्यायच्या तर मुलांना काय सांगायचं?

ते उभे राहिले होते. त्यापायी जवळजवळ आठ वर्षं तुरुंगात आणि छळछावण्यांत काढली, यात शंका घ्यायला जागा नाही. पण ते उभे राहिले चर्चच्या स्वातंत्र्यासाठी. कम्युनिस्ट, कामगार पुढारी, मनोरुग्ण आणि ज्यू यांच्यासाठी ते वेळेवर बोलले नाहीत, आणि त्या ओळींमध्ये त्यांनी कबूल केलंय ते नेमकं हेच. एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात नाझीवादाच्या धड्यात त्यांची ओळख ‘प्रतिकार करणारा लढवय्या’ अशी अर्ध्या वाक्यात करून दिली होती. आधुनिक युरोपचा इतिहास शिकवताना मला सर्वांत जास्त त्रास या अर्ध्या वाक्याने दिला आहे. लढवय्या म्हटलं की मुलं ओळी वाचून गोंधळतात. लढला, तर मग ‘मी गप्प राहिलो’ असं का म्हणतो?

म्हणून माणूस आधी नीट समजून घ्या. जन्म १८९२, लिपस्टाट इथला. वडील लुथरन पाळक. मुलगा मात्र १९१० मध्ये कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, नौदलात गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एका पाणबुडीचा कप्तान होता. जर्मनी हरली, राजा गेला, प्रजासत्ताक आलं. या नव्या राजवटीची नोकरी करायची नाही म्हणून त्यांनी नौदल सोडलं, काही काळ शेतावर राबले, मग म्युन्स्टरला धर्मशास्त्र शिकून १९२४ मध्ये पाळक झाले. त्याच वर्षी त्यांनी नाझींना मत दिलं. मार्च १९३३ मध्ये पुन्हा दिलं. १९३१ पासून ते बर्लिनच्या डाहलेम या सुखवस्तू उपनगरात पाळक होते.

यात त्यांचं काही वेगळेपण नव्हतं, हे मुलांना जरूर सांगा. जर्मनीत प्रोटेस्टंट चर्च शतकानुशतकं राजाच्या छायेत वाढलं होतं. १९१८ पर्यंत प्रशियाचा राजा हाच तिथल्या चर्चचा प्रमुख. ‘प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ हे रोमकरांस पत्रातलं वचन पाळकांच्या अंगवळणी पडलेलं. धर्माचं राज्य वेगळं, तलवारीचं वेगळं, आणि पाळकाने तलवारीच्या कामात तोंड घालायचं नाही, अशी लुथरच्या शिकवणीची सोयीस्कर मांडणी बहुतेकांनी करून ठेवली होती. खुद्द लुथरने १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध अतिशय विषारी पुस्तिका लिहिली होती आणि नाझी ती आवडीने उद्धृत करत. अशा वातावरणात हिटलर सत्तेवर आला तेव्हा अनेक पाळकांना तो राष्ट्राचा तारणहार वाटला. निमोलर त्यांच्यातलेच एक.

ठिणगी पडली ती चर्चच्या आत. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या नाझीधार्जिण्या गटाने १९३३ मध्ये चर्चच्या निवडणुका जिंकल्या आणि सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चने सरकारी नोकऱ्यांतलं ‘आर्य कलम’ स्वतःला लावून घेतलं. आजी-आजोबांपैकी कोणी ज्यू असेल, तर बाप्तिस्मा झालेला, रीतसर दीक्षा घेतलेला पाळकसुद्धा पदावर राहू शकणार नव्हता. निमोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध पाळकांचा आपत्कालीन संघ उभा केला. हे कलम म्हणजे आपल्या श्रद्धेचा भंग आहे, अशी प्रतिज्ञा प्रत्येक सभासदाने सही करून द्यायची होती. नोव्हेंबरात बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमधल्या प्रचंड सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाचा पुढारी राइनहोल्ड क्राउझे याने जुना करारच बायबलमधून काढून टाकण्याची मागणी केली. त्याने अनेक पाळक हादरले आणि काही आठवड्यांत संघाची सभासदसंख्या सात हजारांच्या आसपास गेली.

इथे थोडं थांबा, कारण बहुतेक लेख इथून घाईने पुढे जातात. आर्य कलमाचा फटका बसणारे पाळक सगळ्या जर्मनीत मिळून शंभराच्या आतच होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ज्यू दुकानांवर सरकारपुरस्कृत बहिष्कार झाला होता, ज्यू शिक्षक, न्यायाधीश आणि डॉक्टर नोकऱ्यांतून हाकलले गेले होते. त्यांच्याबद्दल संघाच्या प्रतिज्ञेत अवाक्षर नाही. उलट नोव्हेंबर १९३३ मध्ये निमोलरनी स्वतः लिहिलं की ज्यू वंशाच्या पाळकांनी प्रसंगाचं भान ठेवून मोठी पदं स्वीकारू नयेत. ज्यूंमुळे जर्मन लोकांना खूप सोसावं लागलं आहे, तेव्हा त्यांना सामावून घेणं जड जातं, हे समजून घ्यायला हवं, असं कारणही त्यांनी दिलं. हिटलरने ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघातून जर्मनीला बाहेर काढलं तेव्हा संघातर्फे अभिनंदनाची तारही गेली होती. म्हणजे एका हाताने आर्य कलमाला विरोध आणि दुसऱ्या हाताने हिटलरला शुभेच्छा. त्यांच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती: राज्य हिटलरचं, चर्च ख्रिस्ताचं, आणि भांडण फक्त सीमारेषेचं.

हिटलरला अर्थातच सीमारेषा मान्य नव्हती. २५ जानेवारी १९३४ ला त्याने प्रोटेस्टंट नेत्यांना भेटीला बोलावलं. भेट सुरू होताच हिटलरचा मंत्री गोरिंग याने निमोलर यांच्या फोनवरच्या संभाषणाची टिपणं वाचून दाखवली. फोन चोरून ऐकला गेला होता. सोबत आलेले बिशप गारठले आणि दोन दिवसांत सरकारी राइख-बिशप म्युलर याच्यापुढे मान तुकवून मोकळे झाले. निमोलर मात्र मागे हटले नाहीत. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे विरोधी पाळकांची सभा भरली, धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी प्रामुख्याने लिहिलेला जाहीरनामा मंजूर झाला आणि त्यातून ‘कन्फेसिंग चर्च’ उभं राहिलं. चर्चवर राज्याची हुकमत चालणार नाही हे त्या जाहीरनाम्यात ठणकावून सांगितलंय. ज्यूंचा उल्लेख नाही.

छळाबद्दल स्पष्ट शब्द या गटाकडून आले १९३६ मध्ये. निमोलरसह दहा जणांच्या सह्यांचं निवेदन जूनमध्ये हिटलरच्या कचेरीत पोचवलं गेलं. ख्रिस्ती माणसावर ज्यूद्वेष लादला जातोय आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्याच्या आड येते, हे त्यात लिहिलं होतं. छळछावण्या आणि गेस्टापो या गुप्त पोलिसांची मनमानी यांवरही बोट ठेवलं होतं. पण हे निवेदन खाजगी होतं. ते फुटून परदेशी वर्तमानपत्रांत छापून आलं तेव्हा चर्चच्या नेत्यांनीच हात झटकले. संशय आला तो चर्चच्या कचेरीत काम करणाऱ्या फ्रीडरिश वाइसलर यांच्यावर. हे ज्यू वंशाचे, बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती, नाझींनी पदावरून काढलेले न्यायाधीश. त्यांच्यासोबत आणखी दोघांना अटक झाली होती. झाक्सेनहाउझेन छावणीत वाइसलरना ज्यू म्हणून वेगळं काढलं आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये काही दिवसांत मारहाण करून ठार केलं. बाकीचे दोघं वाचले. कन्फेसिंग चर्चच्या माणसांपैकी नाझींनी मारलेले हे पहिले, आणि आपल्याकडे त्यांचं नाव क्वचितच कोणी ऐकलेलं असतं.

निमोलरना १ जुलै १९३७ ला अटक झाली. आठ महिन्यांनी खटला चालला: सात महिन्यांची सन्मान्य कैद आणि दंड. कैद आधीच भोगून झाली होती, म्हणजे घरी जायला हवं होतं. न्यायालयातूनच गेस्टापोने त्यांना उचललं आणि हिटलरचा ‘वैयक्तिक कैदी’ म्हणून झाक्सेनहाउझेनला एकांतकोठडीत टाकलं. १९४१ मध्ये डाखाउला हलवलं. तिथे शेजारच्या कोठड्यांत कॅथलिक धर्मगुरू होते. त्याआधी, १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच, निमोलरनी कोठडीतून नौदलाकडे अर्ज केला होता की मला पुन्हा सेवेत घ्या. अर्ज फेटाळला गेला. त्यांचे चाहते या अर्जाचा विषय निघाला की कसनुसे होतात. मला तो लपवण्यात अर्थ वाटत नाही; तोच माणूस आहे.

आता त्या लुथरन पाळकाकडे येतो ज्यांचं नाव खरं तर तुमच्या प्रश्नात असायला हवं होतं: युलियुस फॉन यान. दक्षिणेतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये ओबरलेनिंगेन नावाचं गाव आहे, तिथले पाळक. ना परदेशात नाव, ना नौदलातली पदकं. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले गेले, दुकानं फोडली गेली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत नेलं गेलं. आठवड्याने, बुधवारी १६ तारखेला, प्रोटेस्टंटांचा प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस होता. देशातल्या हजारो व्यासपीठांवरून त्या दिवशी उपदेश झाला. तोंडापाशी आलेला विषय बहुतेकांनी गिळला. बर्लिनमध्ये, निमोलरच्याच डाहलेमच्या मंडळीत, हेल्मुट गोलविट्सर यांनी पश्चात्तापावर परखड उपदेश केला. आणि ओबरलेनिंगेनला फॉन यान यांनी बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याचं वचन घेतलं, भूमीला तीनदा हाक मारून परमेश्वराचं वचन ऐकायला सांगणारं.

त्या उपदेशाचं वैशिष्ट्य त्याच्या सरळपणात आहे. इतरांना पवित्र असलेली प्रार्थनास्थळं जाळली गेली आणि कोणाला शिक्षा झाली नाही; लोकांची मालमत्ता लुटली, मोडली; आपल्या देशाची निष्ठेने सेवा केलेली माणसं केवळ दुसऱ्या वंशाची म्हणून छळछावणीत टाकली, हे त्यांनी एकापाठोपाठ एक सांगितलं. राजाच्या वाड्यात जाऊन देवाचं वचन सुनावणारा संदेष्टा आज जर्मनीत कुठे आहे, असं विचारलं. समोर बसलेले होते गावातलेच लोक.

२५ नोव्हेंबरला बाहेरगावाहून ट्रकांत भरून आणलेले शेकडो लोक पाळकाच्या घरावर चालून आले. फॉन यान यांना शोधून आणून बेदम मारलं, एका शेडच्या छपरावर फेकलं, आणि मग पोलिसांनी त्यांनाच किर्शहाइमच्या तुरुंगात नेलं. घराच्या भिंतीवर ‘ज्यूंचा नोकर’ अशी पत्रकं चिकटवली होती. वर्षभराने श्टुटगार्टच्या विशेष न्यायालयाने सोळा महिन्यांची शिक्षा दिली. कलमं दोन लावली आणि दोन्ही शिकवण्यासारखी आहेत. एक, बिस्मार्कच्या काळातलं १८७१ चं व्यासपीठ-कलम: धर्मगुरूने उपदेशातून राज्यकारभारावर शांतता बिघडवणारं भाष्य करणं हा गुन्हा. दुसरा, १९३४ चा नाझी कायदा: राज्य आणि पक्ष यांच्याबद्दल ‘कपटी’ बोलणं हा गुन्हा. हुकूमशाहीला सगळे कायदे नवे करावे लागत नाहीत, हे मुलांना या खटल्यातून चटकन कळतं. साठ-सत्तर वर्षं पुस्तकात पडून असलेलं कलम हाताशी होतंच.

आणि चर्चने काय केलं? व्युर्टेम्बर्गचे बिशप टेओफील वुर्म काही नाझी नव्हते. १९३४ मध्ये त्यांना स्वतःला नजरकैद झाली होती. पण डिसेंबर १९३८ मध्ये न्यायमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की ज्यूंना धोकादायक घटक मानून त्यांच्याशी लढण्याचा राज्याचा हक्क मला नाकारायचा नाही. तक्रार होती ती जाळपोळीने कायद्याची चाड राहिली नाही, याबद्दल. हेच वुर्म पुढे नाझींनी चालवलेल्या मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध आणि १९४३ मध्ये ज्यूंच्या हत्येविरुद्ध सरकारला पत्रं लिहितात. तोवर किती उशीर झाला होता ते वेगळं सांगायला नको. फॉन यान यांनी लांड्सबेर्गच्या तुरुंगात काही महिने काढले, मुदतीआधी सुटले, पण आपल्या गावी परतता आलं नाही. बवेरियातल्या ओर्टेनबुर्गला काम मिळालं, १९४३ मध्ये सैन्यात भरती करून पूर्व आघाडीवर पाठवलं. १९४५ मध्ये ते ओबरलेनिंगेनला परतले आणि पुन्हा पाळकाचं काम करू लागले. १९६४ मध्ये वारले.

निमोलरच्या ओळी कळायला युद्धानंतरचे सहा-सात महिने महत्त्वाचे. जून १९४५ मध्ये नेपल्सला पत्रकारांसमोर ते म्हणाले की हिटलरशी माझं भांडण राजकीय नव्हतं, धार्मिक होतं. आणि हो, मी नौदलासाठी अर्ज केला होता. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपून काढलं. तेव्हा ते अजून जुनेच निमोलर होते. त्याच शरद ऋतूत ते पत्नी एल्झे यांच्यासोबत डाखाउला गेले. शवदाहिनीपाशी फलक लावला होता: १९३३ ते १९४५ या काळात इथे इतकी माणसं जाळली गेली. फलकावरचा दोन लाख अडतीस हजारांचा आकडा चुकीचा होता (डाखाउच्या मृतांची संख्या आज साधारण ४१ हजार मानली जाते), पण निमोलरना आकड्याने हलवलं नाही. हलवलं ते ‘१९३३’ या सालाने. ते पुढे भाषणांत सांगत की १ जुलै १९३७ पासून १९४५ पर्यंत मी कुठे होतो याचा पुरावा माझ्याकडे आहे, मी कैदेत होतो. पण देव विचारेल की १९३३ ते १९३७ तू कुठे होतास, तेव्हा माझ्याकडे उत्तर नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी आपला दोष मान्य केला, त्या श्टुटगार्ट कबुलीवर निमोलर यांची सही होती. वुर्म यांचीही. त्या कागदातही ज्यूंचं नाव नाही, आणि ‘आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही’ अशी चर्चची भाषा आहे. निमोलर गावोगावी फिरून त्यापुढचं बोलू लागले. जानेवारी १९४६ मध्ये एर्लांगेनला विद्यार्थ्यांसमोर ते जर्मनांच्या दोषाबद्दल बोलले तेव्हा श्रोत्यांनी पाय आपटून गोंधळ घातला. शहरं पडलेली, घरातली माणसं युद्धकैदी, पोटात अन्न नाही, आणि हा माणूस अपराधाचं सांगतोय. या भाषणांमधून त्या ओळी आल्या. ती कविता म्हणून लिहिलेली नाही. बोलता बोलता घडलेलं उदाहरण आहे, म्हणूनच तिचा एकच अधिकृत पाठ सापडत नाही. सुरुवातीच्या भाषणांत कम्युनिस्ट, मग असाध्य रुग्ण, मग ज्यू, मग व्यापलेल्या देशांतले लोक असा क्रम दिसतो. उतारवयात त्यांनी स्वतः सांगितलेला आणि जर्मनीतलं त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान मानतं तो पाठ आहे: कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, कामगार संघटनावाले, आणि मी. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात सुरुवात ‘सोशलिस्टां’पासून होते. शीतयुद्धाच्या अमेरिकेत कम्युनिस्टांबद्दल हळहळणं अवघड होतं, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मराठी पाठांत तर पाठवणाऱ्याला जो गट हवा तो घातलेला असतो.

वर्गासाठी माझा सल्ला: फळ्यावर ओळी लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर तारीख लिहा. राइखस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग लागली २७ फेब्रुवारी १९३३ ला, दुसऱ्या दिवशीच्या फर्मानाने कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. डाखाउ छावणी उघडली २२ मार्चला. कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या २ मे रोजी. सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी २२ जूनला. मग बाजूच्या रकान्यात निमोलर त्या त्या वेळी काय करत होते ते लिहा: ५ मार्चला नाझींना मत, सप्टेंबरात पाळकांचा संघ, ऑक्टोबरात अभिनंदनाची तार. दोन रकाने शेजारी आले की ‘मी गप्प राहिलो’ म्हणजे काय, ते वेगळं समजावावं लागत नाही. या ओळी दुसऱ्याला ‘तू का गप्प?’ असं हिणवायला वापरतात, तेही मुलं मग स्वतःच पकडतात. तिसरा रकाना फॉन यान यांना द्या. त्यात एकच तारीख येईल.

वर्गात एक प्रश्न हमखास येतो: इतका राग होता तर हिटलरने निमोलरना मारलं कसं नाही? उत्तर त्यांच्या प्रसिद्धीत आहे. इंग्लंडमध्ये चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल त्यांच्यासाठी सतत लिहीत होते, जगभरच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होत होत्या. पहिल्या युद्धातला पदकविजेता पाणबुडी कप्तान मारणं देशातही महागात पडलं असतं. शेवटी, एप्रिल १९४५ मध्ये, एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाने निवडक नामांकित कैद्यांचा तांडा सौदेबाजीसाठी आल्प्सपलीकडे दक्षिण टिरोलला नेला, त्यात ते होते. नीडरडॉर्फला जर्मन सैन्यातल्याच एका कप्तानाने या कैद्यांना एसएसकडून सोडवलं आणि मेच्या सुरुवातीला अमेरिकन सैनिक पोचले. पुढे ते अण्वस्त्रविरोधी चळवळीत शिरले, १९६१ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या महासभेत तिच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून निवडले गेले, आणि १९८४ मध्ये वीसबाडेनला वारले. याउलट राइनलँडमधले रिफॉर्म्ड पाळक पाउल श्नायडर १९३९ मध्ये बुखेनवाल्डला मारले गेले. कोठडीच्या खिडकीतून ते इतर कैद्यांना मोठ्याने वचनं ऐकवत. त्यांच्यामागे बिशप बेल यांच्यासारखं कोणी नव्हतं.